वळणारं कुत्रं

पुणे,
१८ सप्टेंबर २०२४

प्रिय मामा,

पाकीट बघून मामी घाबरेल, म्हणून आधीच सांगते, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही माझं बोलणं ऐकत नाही, माझा आवाज ऐकता. मोटारीच्या बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाशी धरता ना, अगदी तसं. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत तुमचं ‘काय झालं गं?’ येतं, आणि मला विचारायचं असतं ते राहून जातं. म्हणून कागद. कागदाला तुमचा कान लागत नाही.

विषय कुत्र्याचा आहे. हसू नका.

आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब नोव्हेंबरअखेर कायमचं कॅनडाला चाललंय. त्यांचा दोन वर्षांचा कुत्रा आहे, डॉमिनो. काळा-पांढरा, केसाळ, एक कान उभा आणि एक मधेच मोडलेला. जात बॉर्डर कॉली. परदेशात मेंढ्यांच्या मागं असतात त्यातला. तिकडच्या भाड्याच्या घरात कुत्रं चालत नाही म्हणून ते त्याच्यासाठी घर शोधतायत. आम्हाला विचारलंय. ‘आधी ठेवून बघा, मग कायमचं ठरवा,’ असं म्हणाले. परवापासून तो आमच्याकडं आहे.

हुशार म्हणजे किती, तर फ्रिजचं दार उघडतो आणि लावतोही. पार्किंगमधली पोरं खेळत असली की गोल फिरून सगळ्यांना एका कोपऱ्यात आणून उभं करतो. भुंकत नाही, नुसता बघतो. पोरं खूश आहेत, त्यांच्या आया नाहीत.

आमचं घर तुम्ही बघितलंय. पाचवा मजला, दोन खोल्या, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. माझं काम घरूनच, श्रीनाथ आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला. कुत्रा ठेवावा की ठेवू नये? तुम्ही जनावरं सांभाळलीत, माणसं सांभाळलीत. (माणसं मी सांभाळली, असं मामी म्हणेल.) मला तुमचं स्पष्ट मत हवंय. नाही म्हणायचं असेल तर बेलाशक नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही.

श्रीनाथ काही म्हणत नाही.

मामीच्या शेळ्या कशा आहेत? काशी अजून मारते का?

तुमची,
दीपा

---

जळकोट, ता. तुळजापूर
२४ सप्टेंबर २०२४

चि. दीपास मामा-मामीचा आशीर्वाद, त्यातला मामीचा जरा जास्त.

पोस्टमन तुझं पाकीट घेऊन दुकानात आला तेव्हा चार गिऱ्हाइकं पाण्याच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून घ्यायला बसली होती. हातानं पत्ता लिहिलेला बघून सगळी पाकिटावर वाकली. एक म्हणाला, “अण्णा, नोटीस हाय का?” दुसरा म्हणाला, “नोटीस टाइपात असती रे. हे घरातलंच कायतरी हाय.” मग मी मागं जाऊन वाचलं. संध्याकाळी मामीला वाचून दाखवलं. तिचं पहिलं वाक्य, “कुत्र्याला दोन खोल्या? आपलं लगीन झालं तवा आपल्याला एक व्हती, त्यातबी तुमच्या मोटारी.”

आता माझं मत. ठेव. डोळे झाकून ठेव.

मेंढरामागची कुत्री मी लहानपणापासून बघतोय. आमच्या शिवारात नागप्पा धनगराची मेंढरं बसतात, त्याच्याकडं तसली दोन आहेत. दिवसभर बाभळीखाली लोळत पडतात. मेंढरं कुठं का जाईनात, ती डोळा उघडत नाहीत. रात्री लांडग्याचा वास आला की मग मात्र बघावं. म्हणजे दिवसा झोप, रात्री राखण. तू दिवसा काम करतेस, तो दिवसा झोपेल. आणि पुण्यात पाचव्या मजल्यावर काही लांडगा चढत नाही, तेव्हा बिचारा रात्रीही झोपेल. फ्लॅटमध्ये ठेवायला याच्याइतकी सोयीची जात दुसरी नाही. तुमच्या वॉचमनपेक्षा जास्त झोपेल, हे मी लिहून देतो.

दुसरं असं. कागदाला कान लागत नाही म्हणतेस, पण वाक्य कुठं बसलंय ते दिसतंच की. ‘श्रीनाथ काही म्हणत नाही’ हे तू सगळ्यात शेवटी लिहिलंस, शेळ्यांच्या जरा वर, आणि एकटंच. म्हणजे जावईबापूंची ना आहे आणि ते लाजेनं बोलत नाहीत. बरोबर? मग खालचा मजकूर त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

श्रीनाथराव, नमस्कार. घरात एखादं मुकं जनावर असावं. आमच्या संसारात अबोला पडला की शेळीच कामाला येते. मामी काशीकडं बघून म्हणते, “पाला टाकला का, विचार त्यांना.” मीही काशीकडं बघून म्हणतो, “टाकला म्हणावं.” काशी मधे उभी राहून दोघांचं ऐकून घेते, आणि दोन दिवसांत तिला कंटाळा आला की आम्ही थेट बोलायला लागतो. तुमच्याकडं शेळी मावणार नाही. तेव्हा कुत्र्याला नाही म्हणू नका.

काशी मारते. मागच्या आठवड्यात ग्रामसेवकाला मारलं. गावात तिची इज्जत वाढली आहे.

तुझा,
रेवणसिद्ध मामा

---

पुणे,
९ ऑक्टोबर २०२४

मामा,

तुम्ही हो म्हणालात! तुम्ही! ‘शहरात जनावर कोंडणं म्हणजे पाप’ असं ज्यांच्या तोंडून मी शाळेत असल्यापासून ऐकलं, ते तुम्ही!

आता खरं सांगते. माझं पत्र तुम्ही नाही म्हणावं म्हणून होतं. तुमचा नकार श्रीनाथसमोर ठेवायचा आणि आपण नामानिराळं व्हायचं, असा माझा बेत होता. तुम्ही उलटंच समजलात. कुत्रा मला नको होता, श्रीनाथला हवा होता. आणि तो तसं बोलतही नव्हता. कारण तो काहीच बोलत नव्हता.

तुम्हाला कळवलं नव्हतं, पण त्याचे वडील, दादा, गेल्यापासून, म्हणजे मागच्या हिवाळ्यापासून, आमच्या घरात ‘हं’, ‘बरं’ आणि ‘चालेल’ एवढे तीनच शब्द उरलेत. चिडत नाही, रडत नाही. जेवतो, काम करतो, भिंतीकडं तोंड करून झोपतो. मी भांडण काढून बघितलं, तरी ‘चालेल’. आणि हा डॉमिनो आला त्या दिवशी श्रीनाथ खाली बसून त्याला म्हणाला, “काय रे, कुठून आलास तू?” मामा, जवळजवळ वर्षभरात त्यानं कुणालाही विचारलेला तो पहिला प्रश्न होता. त्यानंतर मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

तुमचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. काशीच्या अबोल्यापाशी आले आणि तो हसला. आवाज येईल असा हसला. मी वाचत राहिले, पण अक्षरं दिसत नव्हती.

इथवर छान आहे. आता बाकीचं ऐका.

तुमच्या नागप्पाची कुत्री झोपत असतील. हा झोपत नाही. सकाळी श्रीनाथ त्याला फिरवून आणतो तेव्हा श्रीनाथ दमतो, हा नाही. मी मीटिंगमध्ये असले की हा माझ्या खुर्चीभोवती फेऱ्या मारतो. कामवाल्या बाईंना स्वयंपाकघराबाहेर येऊ देत नाही, त्या मोरीकडं निघाल्या की आडवा उभा राहतो. श्रीनाथ बाल्कनीत आणि मी आत, हे त्याला चालतच नाही, दोघांना एका खोलीत आणल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. सोफ्याचा एक हात खाल्ला. सोसायटीच्या बायका नवरात्राची आरती करायला खाली जमल्या, तर त्यानं सगळ्यांना रेटत रेटत मीटरच्या खोलीत नेलं, ताटासकट. आणि सेक्रेटरींच्या नातवाची टाच धरली. दात लागले नाहीत, पण पोरगं किंचाळलं. नोटीस आली आहे. ती टाइपात आहे.

तो वाईट नाही मामा. त्याचे डोळे बघवत नाहीत. दिवसभर कामावर असल्यासारखा असतो आणि काम कुठं आहे तेच त्याला सापडत नाही. त्याला ठेवलं तर त्याच्यावर अन्याय, आणि नाही ठेवलं तर श्रीनाथ परत ‘हं’वर जाईल. काय करू?

दीपा

---

जळकोट
१६ ऑक्टोबर २०२४, कोजागिरी

चि. दीपा,

आशीर्वाद नंतर, आधी माझी हजेरी.

तुझं पत्र खिशात घालून नागप्पाकडं गेलो. त्याची मेंढरं सध्या आपल्या पांदीच्या वावरात खतासाठी बसली आहेत. म्हटलं, “नागप्पा, मेंढरामागचं कुत्रं दिवसा झोपतं ना?”

“झोपतंय की.”

“मग आमच्या पोरीचं का झोपत नाही? ते दिसेल त्याला गोळा करतंय म्हणे.”

नागप्पानं काठी खाली ठेवली. त्याला हसायला दोन्ही हात लागतात. म्हणाला, “अवो अण्णा, आमची कुत्री राखनीची. ती लांडग्याकडं बघत्यात. मेंढरं वळायची ती आमी. कुत्रंच वळाया लागलं तर आमी काय बसून भजनं म्हनायची व्हय?”

तर अशी गोष्ट. राखणारं कुत्रं वेगळं आणि वळणारं वेगळं. आपल्या मुलखात वळणारं कुत्रं कुणी बघितलेलंच नाही, आणि मी मोठ्या तोंडानं लिहून दिलं की ते वॉचमनपेक्षा जास्त झोपेल. मामी आल्यागेल्याला सांगते, “आमच्या ह्यांनी पुण्याच्या कुत्र्याची मोटार भरली, उलटी फिराया लागली.” आज रस्त्यानं तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ आहे. दारात आम्ही पाण्याचे रांजण मांडलेत. उमरग्याकडच्या बायका पाणी प्यायला टेकल्या तर त्यांनाही सांगितलं. माझी बेअब्रू आता आईच्या पायरीपर्यंत पोचेल.

आता तुझ्याबद्दल. दुकानात अशी गिऱ्हाइकं येतात. मोटार धडधाकट असते, पण मुलानं नवीन घेऊ द्यावी म्हणून म्हणतात, “अण्णा, तुमी जळाली म्हना.” मी म्हणत नाही. ज्याची मोटार त्यानं बोलावं. तूही तेच केलंस. माझ्या तोंडून ना काढणार होतीस. पण पोरी, तीन शब्दांच्या घरात तू वर्षभर एकटी राहिलीस आणि फोनवर मला ‘मजेत’ म्हणत राहिलीस, हे मला ऐकू आलं नाही. त्याचं मला कुत्र्यापेक्षा जास्त लागलं. कान म्हातारे झाले म्हणायचे.

दिवाळीला दोघं या. त्याला घेऊन या. इथं मामीच्या शेळ्या आहेत, नागप्पाची मेंढरं आहेत, रान आहे. काही दिवस त्याला इथं ठेवू. कामाचं जनावर कामाला लागतं का बघू. ठरवायचं ते नंतर ठरवा. कॅनडावाल्यांना सांग, नोव्हेंबरअखेरीच्या आत उत्तर देतो.

सेक्रेटरींना आमच्याकडची पेंडखजूर ही मिठाई पाठवतोय. टाइपाच्या नोटिशीला गोड काहीतरी लागतं.

मामा

---

पुणे,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना श्रीनाथचा नमस्कार.

मी पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीचे चार दिवस चांगले गेले. डॉमिनोला ठेवून निघालो तेव्हा तो गाडीमागं आला नाही, शेळ्यांकडं बघत बसला, याचं बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं.

तुम्ही फोनवर रोज डॉमिनोबद्दल ‘दामू मजेत’ म्हणता. मामी मात्र मागून काहीतरी ओरडत असतात आणि तुम्ही फोन बाहेर घेऊन जाता. दीपा म्हणते, सगळं बरं असेल. मला खरं कळवा. तो तिथं सुखात असेल तर तिथंच राहू द्या. मी काही म्हणणार नाही.

घर शांत आहे. सोफ्याचा तुटलेला हात तसाच ठेवलाय.

आपला,
श्रीनाथ

---

जळकोट
१८ नोव्हेंबर २०२४

श्रीनाथरावांना सप्रेम नमस्कार,

खरं विचारलंत, तर घ्या.

दामू (मामीच्या तोंडात डॉमिनो बसत नाही) पहिल्या आठवड्यात शेळ्यांना चरू देईना. मामी सोडायची, की हा गोल फिरून सगळ्या परत गोठ्याच्या कोपऱ्यात. परत सोडायची, परत कोपऱ्यात. शेळ्या उपाशी, दूध आटलं. मामी कमरेवर हात ठेवून ओरडायची, “ह्या शेळ्या हाईत का ठाण्यात आनलेले आरोपी?” तुम्हाला फोनमागून ऐकू यायचं ते हेच. काशीनं एकदा मागं वळून त्याला शिंगावर घेतला. तेव्हापासून काशी सोडून बाकीच्यांना वळतो, काशीला विचारून घेतो.

मग नागप्पाकडं दिला. पहिल्या फेरीत नागप्पाही बघत राहिला, काठी न उचलता सगळी मेंढरं जाळीच्या कुंपणात. पण संध्याकाळी दोरीनं धरून परत घेऊन आला. म्हणाला, “अण्णा, न्या बाबा ह्याला. लई गुनी हाय, पर मेंढरू चरत चरत चालाया पायजे. ह्ये पळवतंय. असं म्हैनाभर पळाली तर मेंढरांच्या अंगावर काय ऱ्हाईल, केसं?”

म्हणजे पुण्यात त्याचं काम नाही म्हणून आपण इथं आणला, आणि इथलं काम त्याच्या जातीचं नाही. शहरातलं जनावर गावाकडं आणलं की सुखी होतं, ही माझीच समजूत होती. तीही गेली.

पण एक गोष्ट झाली. ती ज्या दिवशी झाली त्या दिवसापासून मी ‘मजेत’ म्हणतोय ते खोटं नाही.

तुम्हाला मामीची शिस्त माहीत आहे. दिवेलागणीला हात थांबवायचा. केर नाही, सुई नाही, हिशेब नाही. मलाही हाक येते, “दुकान पळून जात न्हाई, बसा घडीभर.” नागप्पा दामूला सोडून गेला त्या संध्याकाळी तिनं उंबऱ्यावर दिवा ठेवला. हा अंगणात येरझाऱ्या घालत होता, मांजर, कोंबड्या, मी, काय सापडेल ते गोळा करत. ती त्याच आवाजात त्याच्यावर खेकसली, “ए दामू! दिवा लागला. झालं आता. बस!” आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून दाबला. तो बसला. डोकं पायावर ठेवलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि झोपला. असा झोपला की मांजर त्याच्या अंगावरून गेलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. आता दुपारीही तिनं ‘झालं’ म्हटलं की बसतो. सकाळी शेळ्या बाहेर काढायच्या, संध्याकाळी आत घ्यायच्या, एवढं काम तिनं त्याला दिलंय, मधे ‘झालं’. शेळ्यांना दूध आलं. मला वाटतं, आजवर त्याला पळवणारे पुष्कळ भेटले. काम संपलं असं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. न सांगता जो काम करतो त्याला ‘थांब’ हेही कुणीतरी सांगावं लागतं.

हे शेवटचं वाक्य मी फक्त कुत्र्याबद्दल लिहिलेलं नाही.

श्रीनाथराव, पाडव्याच्या सकाळी तुम्ही बोअरपाशी त्याला घेऊन बसला होतात. मी पलीकडं स्टार्टरच्या पेटीत डोकं घालून होतो. मुद्दाम ऐकलं नाही, पण ऐकू आलं. तुम्ही त्याला म्हणत होतात, “काय सायेब, जेवला का? सोयाबीनचं काय झालं औंदा? त्यो पांडबाचा बैल ऱ्हायला का बसूनच?” आधी मला वाटलं चेष्टा. मग कळलं, हा आवाज तुमचा नव्हता. रोज संध्याकाळी गावाकडून, ईटहून, फोन करून तुमचे दादा असं विचारायचे, नाही का? एकदा तुमच्या घरी मुक्कामाला होतो तेव्हा मी तो फोन ऐकलाय. तुम्हीही त्यांच्याशी तसंच बोलायचात, बैलासकट. पुण्यात ती बोली बोलायला तुम्हाला कुणी उरलं नाही, म्हणून कुत्र्याशी बोललात.

हे मी दीपाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण ती जळकोटच्या बहिणीची पोर आहे, पुण्याची नव्हे. पांडबाच्या बैलाचं तिलाही ऐकायचं असेल. कुत्रं ठेवायचं तर कुत्र्यासाठी ठेवा, त्याचं करणं जमेल म्हणून ठेवा. बोलायला माणूस नाही म्हणून ठेवू नका. माणूस शेजारच्या खोलीत आहे.

वडीलकीनं लिहिलं. राग आला तर काशीकडं निरोप द्या.

तुमचा,
रेवणसिद्ध

---

पुणे,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा, आणि मामी,

तुम्ही श्रीनाथला काय लिहिलंत मला माहीत नाही. त्यानं पत्र दाखवलं नाही, मी मागितलं नाही.

गुरुवारी मी भाकरी थापत होते. तो ऑफिसातून आला, बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “काय बाई, कालवन काय केलंस?”

मी वळून बघितलं. दादांचा आवाज, मामा. अगदी दादांचा, शेवट वर उचलणारा. मला वाटलं माझी थट्टा करतोय, पण त्याचे डोळे तसे नव्हते. माझ्या तोंडून आपसूक गेलं, “वांगं. खाताव का न्हाई?”

मग तो ओट्याला टेकून बोलत राहिला. तव्यावरची भाकरी करपली, दुसरी करपली, शेवटी मी गॅस बंद केला. पांडबाच्या बैलाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हती. सहा वर्षं लग्नाला झाली आणि मला बैल माहीत नव्हता. शुक्रवारीही बोलला. कधी हसत, कधी मधेच थांबून. रडलाही. मी बाजूला बसून राहिले, काही केलं नाही.

काल तो म्हणाला, “दीपा, डॉमिनोचं नाही जमलं तरी चालेल.” तोच जुना शब्द, पण या वेळी त्याला अर्थ होता. म्हणाला, “मी त्याला माझ्यासाठी ठेवत होतो. त्याला त्रास होत होता आणि मी बघत नव्हतो. त्याच्यासाठी एखादं मोठं अंगण असलेलं घर बघू.”

आणि मामा, आता मी म्हणाले, नाही. तो आपलाच.

कारण पहिल्यांदा मी कशाला नाही म्हणत होते ते मला कळलं. माझा नवरा कुत्र्याशी बोलतो आणि माझ्याशी नाही, याचा मला हेवा वाटत होता. सोफा, नोटीस, टाच हे सगळं खरं होतं, पण त्याच्या मागं हे होतं. आता ते नाही, तर मला डॉमिनो नुसता डॉमिनोसारखा दिसतोय. मला त्याची आठवण येते. मीटिंगमध्ये खुर्चीभोवती कुणी फिरत नाही.

आम्ही बसून ठरवलंय. पहाटे श्रीनाथ त्याला टेकडीवर नेणार, पाऊस असो की थंडी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी घरात त्याच्या वस्तू लपवणार आणि तो शोधणार, ते त्याचं दुसरं काम. संध्याकाळी दोघं मिळून फिरायला. खाली पोरं असली की पट्टा हातात. प्रत्येक कामाच्या शेवटी मामीसारखं ‘झालं’. श्रीनाथनं मला तेवढं मात्र सांगितलं. सहा महिन्यांत तो थकलेला, चिडलेला दिसला तर आपला हट्ट सोडायचा आणि त्याचं दुसरं घर बघायचं, हेही ठरलंय. सेक्रेटरींकडं दोघं जाऊन आलो. पेंडखजूर आवडली म्हणाले.

कॅनडावाल्यांना हो कळवलंय. सात डिसेंबरला, शनिवारी, त्याला न्यायला येतो.

तुमची,
दीपा

---

जळकोट
३० नोव्हेंबर २०२४

चि. दीपा आणि श्रीनाथराव,

दोघांच्या नावानं एकच पत्र. आता तसं चालेल असं वाटतं.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. बैलापाशी तिनं पदर डोळ्याला लावला, आणि शनिवारी न्यायला येतो म्हटल्यावर खाली घेतला.

“न्यायला? कुनाला न्यायला?”

“दामूला. त्यांचा आहे तो.”

“त्यांचा कसा? शेळ्या कोन काढतंय रोज? त्यो. त्याला बस म्हनाया कोन शिकवलं? म्या. मी न्हाई देत.”

म्हटलं, अगं, महिनाभर त्याच्या नावानं शंख करत होतीस. म्हणाली, “तुमच्या नावानं चाळीस वरसं करत्याय. तुमाला दिलं का कुनाला?”

दोन दिवस काशीमार्फत बोलणं चाललं. मी कळवलं की पोरांनी फार विचारानं ठरवलंय, कुत्र्याचंही भलं बघितलंय. काशीनं उत्तर आणलं की इचार त्यांनी केला असंल, खायाला मी घालते. शेवटी काल दिवा लावून झाल्यावर ती माझ्याशी थेट बोलली, “बरं. अर्धलीनं देते.”

दीपा, तू लहानपणीच गाव सोडलंस म्हणून सांगतो. इथं शेळी अर्धलीनं देतात. जनावर एकाचं, सांभाळ दुसऱ्याचा, आणि त्याच्यापोटी जे निपजेल ते दोघांचं अर्धं-अर्धं. मामीच्या निम्म्या शेळ्या अशाच गावभर आहेत. तिच्या हिशेबानं दामू आता तिचा, आणि तुम्ही दोघं सांभाळणारे.

मी म्हटलं, “अगं, त्याचं ऑपरेशन झालंय. त्याला पिल्लं व्हायची नाहीत. मग निपजणार काय आणि अर्धं करणार काय?”

ती वातीची काजळी झाडत होती. वर न बघता म्हणाली, “निपजलंय की. ती दोघं बोलाया लागली न्हवं? त्यातलं अर्धं बोलनं म्हैन्याला हितं येऊन बोलायचं. त्यो बैल मला अजून पुरता कळला न्हाई.”

शनिवारी या. जेवण इथंच. बैल आधी.

तुमचे,
मामा
आणि अर्धलीची मालकीण